खालची पापणी

मागच्या दिवाळीत आमच्या जुन्या आरोग्य केंद्राची एक स्मरणिका निघाली. केंद्राच्या सुरुवातीच्या माणसांपैकी आता मी एकटाच उरलोय, म्हणून एक प्रत घरपोच आली. मुखपृष्ठावर नव्या इमारतीचा रंगीत फोटो, आत पुढाऱ्यांचे शुभेच्छासंदेश. चष्मा पुसून वाचायला बसलो आणि इतिहासाच्या पानावर एका ओळीशी थांबलो. ‘सुरुवातीच्या काळात गरोदर मातांना दर मंगळवारी केंद्रातच आहार देण्याचा प्रयोग झाला होता, परंतु महिलांच्या प्रतिसादाअभावी तो बंद करावा लागला.’

ही ओळ मी लगेच ओळखली. ती माझीच आहे. कुणा होतकरू संपादकाने जुन्या फायलीतून जशीच्या तशी उतरवून घेतली असणार. त्यातला ‘परंतु’सुद्धा माझा. प्रयोग कुणी केला त्या बाईंचं नाव ओळीत नाही, कारण ते तेव्हा मीच घातलं नव्हतं.

मला आता पंच्याऐंशी पुरी होतील. हातून फार काही होत नाही, पण ही ओळ तरी खोडून जावी असं वाटतं. ती खोडायची तर अनसूयाबाईंबद्दल लिहावं लागेल.

गावाचं नाव लिहीत नाही. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंडाळ्याच्या अलीकडे आत वळावं लागायचं, एवढं पुरे. साठीचं दशक होतं, जिल्हा परिषदा नव्या होत्या. मी मूळचा वाईचा, तिथे कंपाउंडर म्हणून लागलो होतो. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस असायचे, ते असले तर. बाकी दिवस खोकल्याला लाल औषध आणि तापाला पांढरी गोळी मीच देत असे. औषधांच्या खोलीला एक खिडकी होती. तिच्यामागे माझं राज्य.

अनसूया कांबळे तिथे नर्स होत्या. वय तिशीच्या आसपास. उंच, काटक, निळ्या काठाची पांढरी साडी, पायांत पुरुषी वहाणा, काखेत काळी छत्री. त्या छत्रीचा उपयोग उन्हापेक्षा कुत्र्यांवर जास्त व्हायचा. खांद्याला एक पिशवी, त्यात बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी आणि स्वतःचा एक पेला. पेला कशाला, ते मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेऊन काही वर्षं झाली होती. त्यांच्या लेखी जुनं सगळं संपलं होतं. गावाच्या लेखी काहीच संपलं नव्हतं. कुठल्याही घरी गेल्या तर पाणी वरून ओतलं जायचं. बाई पिशवीतून पेला काढून पुढे धरायच्या, पाणी प्यायच्या, पेला पुसून परत ठेवायच्या आणि कामाला लागायच्या. चेहऱ्यावर काही नाही.

गाव त्यांना तोंडावर नर्सबाई म्हणायचं आणि पाठीमागे पापणीबाई. कारण असं, की बाई समोर आली, म्हणजे कुठलीही बाई, की अनसूयाबाई आधी बोलायच्या नाहीत. डाव्या हाताने हनुवटी धरायच्या, उजव्या अंगठ्याने खालची पापणी ओढायच्या, तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि आत बघायच्या. पापणी आतून लाल दिसली तर म्हणायच्या, “जा.” पांढरी दिसली तर जीभ टाळ्याला लावून ‘च्’ असा बारीक आवाज काढायच्या. तो आवाज बायकांना फार झोंबायचा. बाजारात वांगी विकणारीची पापणी, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईची पापणी, लग्नात नवरीची पापणी. एकदा पुण्याचे कोणी मोठे साहेब कुटुंबासह पाचगणीला निघाले होते, मुलगा तिथल्या शाळेत होता. गाडी तापली म्हणून पाण्यासाठी आत वळून केंद्रासमोर थांबले. साहेबांच्या बाई काळा चष्मा लावून झाडाखाली उभ्या. अनसूयाबाई गेल्या, त्यांनी चष्मा वर केला आणि पापणी ओढली.

“च्. कितवा?”

त्या बाई घाबरून म्हणाल्या, “चौथा महिना.”

“मोठ्या घरातल्या, तरी पांढरीच की वं. कोन खातंय तुमच्या वाटनीचं?”

साहेब संतापले. त्यांच्या बाई मात्र गाडीत बसताना मागे वळून बघत होत्या, ते मला आठवतं.

सरकारकडून तेव्हा दुधाच्या भुकटीची पोती यायची, परदेशातून आलेली. नियम असा, की गरोदर बाईने मंगळवारी केंद्रात यायचं, नर्सबाईंनी तिला तपासायचं, मग माझ्या खिडकीतून तिने आठवड्याची भुकटीची पुडी आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जायचं. नियम वाईट नव्हता. फक्त पुडी घरी जायची, हाच त्यातला घोटाळा.

बाईंना तो वासावरून कळला. एरवी ज्या गल्लीत काळा कोरा चहा व्हायचा, तिथे मंगळवारी संध्याकाळी दाट, पांढुरक्या चहाचा वास सुटायचा. बाई एका ओसरीशी थांबल्या. तिथे एक म्हातारा दोन शेजाऱ्यांना घेऊन कपबशी सांभाळत बसला होता.

“आबा, कितवा म्हयना लागला?”

“कुनाला वं?”

“तुमालाच. सुनंची पुडी तुमी पिताय, तवा बाळतपन बी तुमीच करनार असाल म्हनून इचारलं.”

शेजारी ठसकले. म्हातारा म्हणाला, “आवं बाई, घोटभर चा हाय. सूनबी घेतीया की आमच्यासंगं.”

“व्हय? कुटं हाय तिचा कप?”

कप तीनच होते. सून चुलीशी पातेल्यात पाणी घालून खळखळत होती.

तेव्हापासून गावात ती थट्टाच होऊन बसली. बाईंची छत्री कोपऱ्यावर दिसली की पुरुष कपबशी मांडीमागे सरकवायचे आणि पोरं ओरडायची, “कितवा म्हयना? कितवा म्हयना?” मीही खूप हसायचो. आमच्या घरीसुद्धा चहा दाटच असायचा. खिडकीच्या आत बसणाऱ्याला पुडी मागावी लागत नाही.

गोळ्यांची तऱ्हा वेगळी. त्या घेतल्या की शौचाला काळी होते. सासवांनी ठरवलं होतं की त्याने पोर काळं होतं. त्यामुळे गोळ्या उकिरड्यात. आणि सगळ्यात वरचढ समज हा, की गरोदर बाईने पोटभर खाल्लं की पोर मोठं होतं आणि सुटका अडते. आधीच सून शेवटी जेवणार, टोपल्यात उरेल ते खाणार, त्यात हे. बाई मुद्दाम दुपारी दोनला, सुनांच्या जेवणाच्या वेळी घरात शिरायच्या आणि भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचलायच्या. एका घरी मी लस द्यायला बरोबर होतो. टोपल्यात अर्धी भाकरी आणि वाळकी कड.

सासू म्हणाली, “पोटभर घाटलं आन पोर आडलं, तर तुमी येनार का सोडवाय?”

“येनार की. त्याचाच तर पगार हाय मला.”

“आमी आठ काढली आशीच. काय झालं?”

“जगली किती?”

म्हातारीने टोपलं झाकलं आणि ते उचलून आत गेली. बाहेर पडल्यावर बाई मला म्हणाल्या, “दुष्ट न्हाई ती, भाऊसायब. तिला बी कुनी वाढलं न्हाई.”

मग एका मंगळवारी बाईंनी पुड्या बंद केल्या. खिडकीशी येऊन म्हणाल्या, “पोतं हिकडं द्या.”

“तसं नियमात नाही, बाई.”

“बाईच्या पोटात जावं असं तर हाय न्हवं नियमात? मग द्या.”

केंद्रामागच्या कडुलिंबाखाली त्यांनी तीन दगड मांडले, जर्मनचं मोठं पातेलं आणलं. येणाऱ्या प्रत्येकीने घरून एक मूठ आणायची. शेंगदाणे, हरभरे, गव्हाची भरड, गुळाचा खडा, जे हाताला लागेल ते. सगळं एकत्र शिजवायचं, वरून दुधाची भुकटी कालवायची आणि तिथेच, बाईंच्या समोर बसून खायचं. खाऊन झालं की गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं आणि मग घरी.

पण शिजवणार कोण? बाईंच्या हातचं गाव खाणार नव्हतं. त्या हे जाणून होत्या आणि त्यावर त्यांनी भाषण केलं नाही. सरपंचांची सून मालन, तिला चौथा लागला होता. बाईंनी तिच्या हातात पळी दिली. सरपंचाच्या घरची म्हटल्यावर तिच्या हातचं नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. बाई स्वतः चार हात लांब औषधाच्या खोक्यावर बसायच्या, पातेल्याला बोटसुद्धा लावायच्या नाहीत. म्हणायच्या, “हात मालनचा, तोंड तुमचं, डोळं माजं.”

पंगत मात्र एकच. त्यावर त्या हटल्या नाहीत. बौद्धवस्तीतल्या दोघीतिघी आपणहून बाजूला बसू लागल्या तेव्हा बाईंनी छत्रीने जागा दाखवली. “हितं बसा, रांगंत. पोटातल्या पोराला जात ठावं न्हाई आजून. भायेर आल्यावर सांगतीलच की समदी.”

पहिल्या दोन मंगळवारी पाचसात बायका आल्या. दोन महिन्यांत झाडाखाली जागा पुरेना. सासरी ज्यांचा आवाज ओसरीपर्यंत येत नव्हता त्या पोरी तिथे खिदळायच्या. मालन सगळ्यांत पुढे. वय वीसच्या आत, गालावर खळी, आपल्या आजेसासूची चाल हुबेहूब करून दाखवायची. नवरा पलटणीत होता. त्याची पत्रं मी वाचून द्यायचो. तो तिकडची भाषा मिसळून लिहायचा, ‘खाना टैमावर खात जा.’ मालन म्हणायची, “आमच्यात टैमावर खानारी म्हस यकटीच. पत्र तिला वाचून दावा.”

बाईंचं एवढ्यावर समाधान नव्हतं. एक दिवस पोटभर आणि सहा दिवस अर्धपोटी, याने पापणी कितीशी लाल होणार? त्यांनी माझ्याकडून साताऱ्याला एक अर्ज लिहून घेतला, की केंद्रात हा आहार रोज एक वेळ मिळावा. “आठवड्यातनं एकदाच भूक लागती का, असं बी लिवा,” म्हणाल्या. मी ते नीट भाषेत लिहिलं. डॉक्टर म्हणाले, सध्या राहू द्या. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

पातेलं सुरू झालं तेव्हा माझी बायको सुशीला गरोदर होती, सातवा लागलेला. बाईंनी तिचीही पापणी पाहिली होती. मला म्हणाल्या, “घरातनं पाठवा त्यांस्नी मंगळवारी.” मी हो म्हटलं आणि घरी जाऊन सुशीलेला बजावलं, की कंपाउंडरच्या बायकोने त्या पंगतीत बसलेलं बरं दिसणार नाही. आई म्हणाली, बरोबर आहे. यथावकाश मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. आई म्हणाली, वाईच्या गणपतीची कृपा.

आता मालनचं. तिला सातवा होता. उन्हाचे दिवस. चुलीशी ढवळता ढवळता ती एकदम खाली बसली आणि कलंडली. बायका ओरडत उठल्या. बाई खोक्यावरून झेपावल्या. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी पाहिली, पाणी मारलं. ती डोळे उघडेना तेव्हा पातेल्यातली खीर वाटीत घेऊन बोटाने तिच्या ओठांना लावली. मालनने ओठ चाटले. बाईंनी बोटानेच आणखी भरवली. सबंध वाटी. मालन डोळे मिटून लहान मुलीसारखी खात राहिली आणि मग म्हणाली, “गोड कमी झालंया.” सगळ्या हसल्या. मी हे खिडकीतून पाहिलं.

आणि संध्याकाळी घरी सांगितलं. एवढंच माझं झालं. मनात खोट नव्हती. चहा पिता पिता गंमत म्हणून सांगितलं, की आज सरपंचांच्या सुनेने नर्सबाईंच्या बोटाने खीर खाल्ली. आईने डोळे मोठे केले. मला ते आवडलं, म्हणून मी थोडं वाढवून पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईने देवळात सांगितलं. बाजाराच्या दिवसापर्यंत ते सरपंचांच्या आईच्या कानावर गेलं.

पुढच्या मंगळवारी मालन आली नाही. पळी हातात घ्यायला कुणी धजेना. बायका आल्या तशा परत गेल्या. सरपंचांनी साताऱ्याला तक्रार केली, की नर्स गावच्या बायकांना सक्तीने आपल्या हातचं खायला घालते, एका रांगेत बसवते, त्यात लेकीसुनांची प्रकृती बिघडते.

चौकशीला एक अधिकारी जीप घेऊन आले. माणूस सभ्य, हळू बोलणारा. माझ्याच खोलीत खुर्ची टाकून बसले, शेजारी सरपंच. डॉक्टर म्हणाले, मी फिरतीवर असतो, कंपाउंडरना विचारा. आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला सहज म्हणून सांगितलं होतं, की साताऱ्याच्या औषध भांडारात एक जागा होतेय, सरपंचांचं वर चांगलं वजन आहे. मला कुणी दम दिला नाही, हे मुद्दाम लिहितो. दम दिला असता तर आज सांगायला काही तरी असतं.

बाई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. खिडकी उघडी होती. त्या निर्धास्त दिसत होत्या. त्यांना वाटत होतं, हा सगळं रोज बघतो, हा सांगेल.

साहेबांनी विचारलं, “सक्ती होती का?”

मी म्हटलं, “तशी थोडी असायची, साहेब. खाल्ल्याशिवाय सोडत नसत.”

“बायकांचा प्रतिसाद?”

“सध्या कुणी येत नाही.”

हे दोन्ही खरं होतं. म्हणूनच मला ते म्हणता आलं. साहेब म्हणाले, लिहून द्या. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. सक्ती होती आणि प्रतिसाद नव्हता, दोन्ही एकाच कागदावर. कुणाला खटकलं नाही. रोजच्या आहाराचा अर्ज माझ्या गुडघ्याजवळच्या ड्रॉवरमध्ये होता. मी सही करताना माझा गुडघा ड्रॉवरला लागत होता.

घरी आलो तर सुशीला मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. गावभर झालेलं तिलाही कळलं होतं.

“सही केलीत?”

“करावी लागली.”

ती मुलाच्या केसांतून बोटं फिरवत होती. मग म्हणाली, “मी जात होते तिथे. दर मंगळवारी. तुम्ही जेवून घरीच आडवे व्हायचात आणि आईंनाही झोप लागायची, तेव्हा मागच्या बाजूने. बाई माझी वाटी झाकून ठेवायच्या. हा त्या पातेल्यावर पोसलाय, एवढं लक्षात ठेवा.”

पन्नास वर्षांच्या संसारात तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

बाईंची बदली झाली, थेट सांगली जिल्ह्यात, जतकडे. जायच्या दिवशी त्या खिडकीशी आल्या. मला वाटलं, बोलतील. मी औषधाच्या बाटल्या उगाच पुसत राहिलो.

“भाऊसायब, मालनची पुडी घरी धाडू नगा. तिला हितं बोलवा आन कपात कालवून, हुबं ऱ्हाऊन पाजा. ती येईल, मी सांगितलंय तिला. गोळी बी. दोन म्हयनं काढायचं हायेत फकस्त. तेवढं करा.”

“करतो,” मी म्हटलं.

“पापनी बघितलीया मी तिची. करा बरं का.”

“करतो म्हटलं ना, बाई.”

त्यांनी छत्री काखेत मारली आणि गेल्या. स्टँडवर त्यांना पोचवायला झाडाखालच्या आठदहा बायका पदराआड उभ्या होत्या असं नंतर कळलं.

मालन पुढच्या मंगळवारी आली होती. मी हे कधी कुणाला सांगितलेलं नाही. खिडकीशी येऊन उभी राहिली, मागे सरपंचांचा गडी. मी कप काढला होता. टेबलावर ठेवलाही होता. गडी म्हणाला, “आज्जीनं पुडी आनाय सांगितलीया, कंपौंडर.” मालन माझ्याकडे बघत होती. मी पुडी बांधली आणि गड्याच्या हातात दिली. त्यानंतर गडी एकटाच येत राहिला.

दीड महिन्याने माझी साताऱ्याची ऑर्डर आली. सरपंचांनी घरी चहाला बोलावलं. ओसरीवर पाट, पितळी ताटात चिवडा, मोठ्या कपात चहा. कपबशा आतून मालनने सरकवल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, दिसले फक्त हात. नखं कागदासारखी. कप उचलला आणि मला कळलं. भुकटीच्या दुधाला एक किंचित करपट वास असतो, नीट विरघळली नाही तर वर बारीक गोळ्या तरंगतात. इतकी पोती मी फोडली होती, मला शिकवायला नको. चहा चांगला दाट होता.

सरपंच म्हणाले, “घ्या की. साताऱ्याला असला चा मिळायचा न्हाई.”

मी घेतला. तळाशी राहिलेलंसुद्धा बशीत ओतून घेतलं. दाराआड बांगड्या वाजल्या, मग आत गेल्या. मला कुणी ‘कितवा महिना’ विचारलं नाही. विचारणारी जतला होती.

माझी जायची तयारी चालू असतानाच मालन अडली. सुईण होती, नवी नर्स अजून आलेली नव्हती, डॉक्टर नव्हते. मूल झालं, मेलेलंच. मग रक्त थांबेना. बैलगाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत आणली, तिथे ट्रक मिळाला, सातारा दिसायच्या आत संपली. नोंद करायला कागद माझ्याकडे आला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘अतिरक्तस्राव’. तिच्या नवऱ्याचं एक पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. ते वाचून दाखवायचं कुणाला, म्हणून तसंच ठेवलं. अजून आहे.

त्याच सुमारास वार्षिक अहवालात ती ‘प्रतिसादाअभावी’ची ओळ मी लिहिली. भांडारात मला बढती मिळाली. दशक संपायच्या आधी एकदा कामासाठी सांगलीला गेलो होतो. विश्रामबागला एस.टी.ची वाट बघत उभा होतो, दुपारचे चार वाजले असतील. समोरून त्या आल्या. केस कानाजवळ पांढरे झालेले, छत्री तीच किंवा तसलीच. बरोबर एक भरल्या दिवसांची बाई. तिला दवाखान्यात दाखवून परत न्यायला निघाल्या होत्या. ती बाई त्यांना ‘अक्का’ म्हणत होती आणि कानडी मिसळून काहीतरी विचारत होती.

मी पुढे झालो. “बाई, ओळखलंत का?”

“व्हय की. भाऊसायब.”

त्यांनी बरोबरच्या बाईला सावलीत दगडावर बसवलं. पदराच्या गाठीतून शेंगदाणे आणि गूळ काढून तिच्या ओंजळीत घातला आणि म्हणाल्या, “खा. माझ्याम्होरं खा.” ती खायला लागली. बाई तिच्याकडे बघत माझ्याशी बोलत होत्या.

मी विचारलं, तिकडे कसं आहे. म्हणाल्या, “पातेलं हाय. रोज न्हाई जमत. बाजरी घालतो तिकडं.” मी चहा घेऊ या म्हटलं, समोर हॉटेल होतं. नको म्हणाल्या. मग मी कधीपासून घोकत होतो ते बोलायला सुरुवात केली. मालनचं तुम्हाला कळलं असेलच, म्हटलं. अतिरक्तस्रावाने गेली, नोंद मीच केली, म्हटलं. त्या वेळी माझी नोकरी नवीन होती, म्हटलं. आईची तब्येत, साताऱ्याची जागा, सरपंच.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग एवढंच म्हणाल्या, “अतिरक्तस्राव लिवलंसा ना कागदावं? अती व्हायाला तिच्यात रगत हुतं कुटं, भाऊसायब?”

एस.टी. आली. त्यांनी त्या बाईला हाताला धरून उठवलं, तिच्या ओंजळीत उरलेले दाणे तिला तोंडात टाकायला लावले आणि दाराशी नेऊन आधी तिला चढवलं. मग पुन्हा माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता शिवी देतील, आणि ती घ्यायला मी तयार होतो. त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली आणि माझं तोंड पश्चिमेच्या उन्हाकडे वळवून आत बघितलं. एखाद्या बाईची बघावी तसंच, तितकाच वेळ.

“लाल हाय,” म्हणाल्या. “चांगली लाल हाय.”

हात पदराला पुसला आणि गाडीत चढल्या.